चालकाचे वजन आणि लॅपची वेळ : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

कार्टची (शर्यतीच्या छोट्या, उघड्या गाड्यांची) शर्यत संपून लॅपच्या, म्हणजे ट्रॅकच्या प्रत्येक पूर्ण वळशाच्या, वेळांचा कागद हातात पडला की, ‘कार्ट सारख्याच असताना मी प्रत्येक लॅपला मागे कसा पडलो?’ हा प्रश्न आम्हांला हमखास विचारला जातो. दोन कार्टमध्ये थोडेफार डावे-उजवे असतेच, ते आम्ही नाकारत नाही. मात्र उत्तराचा बराच भाग वजनकाट्यावर सापडतो.

हजार-बाराशे किलोच्या मोटारीला चालक साठ किलोचा आहे की नव्वदचा, याने विशेष फरक पडत नाही. कार्टचे तसे नाही. कार्ट १५० किलोची धरली, तर ६० किलोच्या चालकासह एकूण भार २१० किलो आणि ९० किलोच्या चालकासह २४० किलो भरतो. इंजिनाचा जोर दोघांनाही तेवढाच मिळत असल्यामुळे, त्याच वेगाला जड चालकाच्या कार्टचे त्वरण सुमारे साडेबारा टक्क्यांनी कमी पडते.

हा तोटा ट्रॅकवर सगळीकडे सारखा जाणवत नाही. तो सर्वांत जास्त जाणवतो तो अगदी मंद, जवळजवळ उलट फिरवणाऱ्या वळणातून बाहेर पडताना. भाड्याच्या कार्टला बहुधा गिअर नसतात. वेग एकदा पडला की एक्सलरेटर पूर्ण दाबूनही इंजिन क्षणभर घरघरत राहते, आणि नेमक्या त्याच क्षणी हलका चालक दोन-तीन हात पुढे सरकतो. सपाट सरळ पट्ट्याच्या शेवटी कमाल वेग इंजिनाच्या फेऱ्यांच्या मर्यादेने आणि हवेच्या विरोधाने ठरत असल्याने तेथे वजनाचा प्रभाव थोडाच उरतो. परंतु मागे पडलेले अंतर काही परत मिळत नाही. चढावर मात्र वजन पुन्हा आडवे येते.

टायरची पकड भाराबरोबर वाढते, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे जड चालकाने ब्रेक थोडा आधी लावावा आणि वळणात स्टिअरिंग झटक्याने न फिरवता वेग टिकवणारा रुंद मार्ग धरावा, कारण गमावलेला वेग पुन्हा मिळवणे त्यालाच सर्वांत महाग पडते. हलक्या चालकाचे टायर सावकाश तापतात, म्हणून पहिल्या एक-दोन लॅपमध्ये मागची चाके घसरण्याचा संभव लक्षात ठेवावा.

उंची हा वेगळा मुद्दा आहे. कार्टचा मागचा आस अखंड असतो, त्याला डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसते, म्हणून वळताना आतल्या बाजूचे मागचे चाक हलके व्हावे किंवा किंचित उचलले जावे लागते. उंच चालकाचा गुरुत्वमध्य वर असल्याने भार बाहेरच्या चाकांवर लवकर जातो आणि आतले चाक सहज उचलले जाते. ओल्या ट्रॅकवर याचा फायदा होतो. कोरड्या, चांगल्या पकडीच्या ट्रॅकवर तेच प्रमाणाबाहेर गेले, तर कार्ट वळणात उड्या मारू लागते.

स्पर्धात्मक फेरीपूर्वी आम्ही प्रत्येक चालकाचे हेल्मेट व बुटांसह वजन करतो आणि हलक्या चालकांच्या कार्टला पाच-पाच किलोची वजने आसनालगत, शक्य तितक्या खाली, बोल्टने बसवतो. फॉर्म्युला वनमध्येही २०१९ पासून आसनासह चालकाचे किमान वजन ८० किलो (२०२५ पासून ८२ किलो) ठरवण्यात आले आणि कमी पडणारा भार आसनापाशीच ठेवण्याचे बंधन आले. त्याआधी उंच चालकांना वजन घटवण्यासाठी अक्षरशः उपाशी राहावे लागे. वजने बसवण्याच्या उपायाने भार सारखा होतो. उंची मात्र सारखी होत नाही, हे आम्ही मान्य करतो. खिशात किंवा पाठपिशवीत स्वतः आणलेली वजने घेऊन बसण्यास परवानगी नाही, कारण धडकेच्या वेळी सुटी वस्तू इजा करते.

वजनाचा आकडा फक्त काट्यावरील कर्मचाऱ्याला दिसतो. लॅपच्या वेळांच्या कागदावर तो छापला जात नाही. सरावाच्या फेरीतही मित्रांइतकाच भार हवा असल्यास, कार्टमध्ये बसण्यापूर्वी तसे सांगावे.