लॅपटॉप सुरू होत नसेल तर: दुरुस्तीला आणण्यापूर्वी पाहायच्या गोष्टी

‘लॅपटॉप डेड झाला’ अशी तक्रार घेऊन आमच्याकडे येणारे लॅपटॉप पुष्कळदा डेड नसतात. कधी नुसता अडॅप्टर गेलेला असतो, कधी लॅपटॉप आतून व्यवस्थित चालू असतो आणि पडदा तेवढा काळा राहिलेला असतो, तर कधी पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरल्यावर सुटणारी अडचण असते. अशा किरकोळ कारणासाठी ग्राहकाला हेलपाटा पडू नये, आणि जिथे खरोखर बिघाड आहे तिथे घरच्या प्रयोगांनी तो वाढू नये, या दोन हेतूंनी हे पत्रक तयार केले आहे.

आधी तीन अपवाद

लॅपटॉपवर पाणी, चहा किंवा अन्य काही सांडले असेल, जळका वास आला असेल किंवा बॅटरी फुगली असेल, तर पुढे दिलेल्यांपैकी कोणताही उपाय करून पाहू नये.

द्रव सांडले असल्यास चार्जर लगेच काढावा, लॅपटॉप चालू असेल तर बटण दाबून धरून तो बंद करावा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढावी आणि झाकण उघडे ठेवून लॅपटॉप कीबोर्डच्या बाजूने खाली झुकेल असा पालथा ठेवावा. हेअर ड्रायरची गरम हवा मारू नये. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचाही काही उपयोग होत नाही, कारण कीबोर्डखाली गेलेला चहा तांदूळ शोषून घेत नाहीत. त्यातली साखर आणि दूध मदरबोर्डवर, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर, चिकटून राहते आणि वाळल्यावरही तिथला धातू गंजत जातो. दोन दिवस वाळवल्यावर लॅपटॉप सुरू झाला म्हणून निर्धास्त झालेले ग्राहक काही आठवड्यांनी आमच्याकडे येतात, आणि तोवर चिपच्या पायांवर हिरवट थर चढलेला असतो. पहिल्या दिवशी बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन घेतला असता, तर यातले बरेचसे नुकसान टळले असते.

फुगलेली बॅटरी ओळखणे सोपे आहे. टचपॅड एका कडेने वर उचललेला दिसतो, त्याचे क्लिक नीट होत नाही, झाकण पूर्ण मिटत नाही किंवा सपाट टेबलावर ठेवलेला लॅपटॉप डुगडुगतो. अशा लॅपटॉपला चार्जर लावू नये, वरून दाबू नये आणि बॅटरीला टोचू नये, कारण लिथियम-आयन बॅटरीला इजा झाल्यास ती पेट घेऊ शकते. ती घरच्या कचऱ्यात टाकू नये आणि कुरिअरनेही पाठवू नये; लॅपटॉप आहे तसा प्रत्यक्ष घेऊन यावा.

वीज लॅपटॉपपर्यंत पोहोचते का?

वरीलपैकी काही झाले नसेल, तर तपासणी भिंतीच्या सॉकेटपासून सुरू करावी. एक्स्टेन्शन बोर्ड मध्ये न घेता अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावावा आणि त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून तिथे वीज आहे याची खात्री करावी. अडॅप्टरच्या ठोकळ्यात घुसणारी वायर पुष्कळदा सैल झालेली असते, ती घट्ट बसवावी.

यानंतरचे निरीक्षण आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. अडॅप्टरवर दिवा असेल, तर लॅपटॉपला पिन लावण्यापूर्वी तो लागतो का ते पाहावे आणि मग त्या दिव्याकडे पाहत पिन लावावी. दिवा आधीपासूनच लागत नसेल, तर दोष अडॅप्टरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये आहे. दिवा लागलेला होता आणि पिन आत जाताच विझला, तर लॅपटॉपच्या चार्जिंग जॅकमध्ये किंवा मदरबोर्डवर शॉर्ट (विजेला भलतीच आडवाट मिळणे) असण्याची दाट शक्यता असते. मर्यादेबाहेर करंट खेचला जाऊ लागल्याने अडॅप्टर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. अशा वेळी पिन पुन्हा पुन्हा लावून पाहू नये. दिवा लागलेलाच राहिला आणि तरीही लॅपटॉपमध्ये काहीच हालचाल झाली नाही, तर पुढच्या उपायाकडे वळावे.

दुसऱ्याचा अडॅप्टर लावून पाहताना केवळ पिन बसते एवढ्यावर विसंबू नये. अडॅप्टरवरच्या चिठ्ठीवर आउटपुटचे आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ १९ व्होल्ट आणि ३.४२ अँपिअर, म्हणजे ६५ वॉट. व्होल्ट मूळ अडॅप्टरइतकेच हवेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त असले तरी चालते, कमी चालत नाही. टाइप-सी चार्जरच्या बाबतीत किती व्होल्ट द्यायचे हे लॅपटॉप आणि चार्जर आपसांत ठरवतात, त्यामुळे तिथे वॉट पाहावेत. मोबाइलचा १८ वॉटचा चार्जर ६५ वॉट मागणाऱ्या लॅपटॉपला लावला आणि काही झाले नाही, तर त्यावरून लॅपटॉप बिघडला असे म्हणता येत नाही.

कित्येक महिने कपाटात पडून असलेल्या लॅपटॉपची बॅटरी इतकी उतरलेली असते, की सुरुवातीला ती अगदी संथपणे चार्ज होते आणि काही वेळ एकही दिवा लागत नाही. असा लॅपटॉप किमान अर्धा तास चार्जरला लावून ठेवावा आणि मगच बटण दाबावे. नवा लॅपटॉप खोक्यातून काढल्यावर सुरू होत नसेल, तर त्यालाही आधी चार्जर लावावा. वाहतुकीच्या काळात बॅटरी उतरू नये म्हणून अनेक कंपन्या ती तात्पुरती बंद करून पाठवतात आणि पहिल्यांदा चार्जर लावल्यावरच ती जागी होते.

बटण दाबून धरण्याचा उपाय

लॅपटॉप बंद असतानाही मदरबोर्डवरचा एक छोटा नियंत्रक जागा असतो, आणि बटण दाबले गेले की नाही, चार्जर लावला की नाही, याकडे तो लक्ष ठेवतो. विजेच्या चढउतारामुळे किंवा अर्धवट राहिलेल्या अपडेटमुळे हा नियंत्रक कधीकधी अडकतो. चार्जर आणि जोडलेल्या सर्व वस्तू काढाव्यात, बॅटरी बाहेरून निघत असेल तर तीही काढावी, आणि पॉवरचे बटण ३० सेकंद सलग दाबून धरावे. मग फक्त चार्जर लावून बटण एकदा दाबावे. लेनोव्होच्या थिंकपॅड मालिकेतील अनेक लॅपटॉपच्या तळाला याच कामासाठी टाचणीएवढे छिद्र असते. चार्जर काढून त्यात कागदाची क्लिप सरळ करून हलकेच दाबता येते. या उपायाने आपल्या फाइल्सना काहीही होत नाही, म्हणून तो निःशंकपणे करावा. एक-दोनदा करून गुण आला नाही, तर मात्र तिथेच थांबावे.

लॅपटॉप चालू आहे, पण पडदा काळा आहे

बटण दाबल्यावर पंख्याचा आवाज येत असेल, कीबोर्डचे दिवे लागत असतील किंवा तळ कोमट होत असेल, तर वीज पोहोचते आहे आणि प्रश्न निराळा आहे. कॅप्स लॉकचे बटण दाबून पाहावे. दर वेळी त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर विंडोज बहुधा आत चालू आहे आणि दोष पडद्याकडे आहे. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरावा. पुसट अक्षरे किंवा चित्र दिसले तर पडद्यामागचा प्रकाश गेलेला आहे. एचडीएमआय केबलने टीव्ही जोडून चित्र येते का तेही पाहावे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबल्यास अडकलेला ग्राफिक्स ड्रायव्हर (पडद्यावरचे चित्र सांभाळणारा प्रोग्रॅम) नव्याने सुरू होतो आणि कधीकधी एवढ्यानेच पडदा उजळतो.

दिवा ठरावीक वेळा लुकलुकून थांबत असेल, तर लॅपटॉप स्वतःच दोष सांगत असतो. डेलच्या अनेक लॅपटॉपमध्ये बॅटरीचा दिवा पिवळसर आणि पांढऱ्या रंगांत, तर एचपीच्या अनेक लॅपटॉपमध्ये कॅप्स लॉकचा दिवा अशी खूण देतो. त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवावा. रॅम (तात्पुरती मेमरी), बायोस (लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) की प्रोसेसर यांपैकी कुठे पाहायचे ते आम्हाला त्यावरून कळते. रॅम काढून पुन्हा बसवल्याने अनेक लॅपटॉप सुरू होतात हे खरे असले, तरी आतली बॅटरी बोर्डपासून सोडवल्याशिवाय रॅमला हात लावल्यास चांगला बोर्ड शॉर्ट होऊ शकतो, म्हणून सवय नसलेल्यांनी तळ उघडू नये.

आपल्या फाइल्सविषयी

लॅपटॉप सुरू होत नाही म्हणजे फाइल्स गेल्या, असे समजून घाबरून जाऊ नये. फाइल्स हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर असतात आणि बहुतेक लॅपटॉपमधून ती काढून दुसऱ्या यंत्राला जोडता येते. मॅकबुकसारख्या काही लॅपटॉपमध्ये मात्र साठवण बोर्डवरच पक्की जोडलेली असते, आणि तिथे फाइल्स मिळवण्यासाठी आधी बोर्डच जिवंत करावा लागतो. म्हणून फाइल्स महत्त्वाच्या असतील, तर लॅपटॉप देतानाच तसे स्पष्ट सांगावे. विंडोज नव्याने टाकण्याची परवानगी कोणालाही घाईने देऊ नये.

अनेक लॅपटॉपमध्ये बिटलॉकरचे, म्हणजे डिस्कवरच्या फाइल्स सांकेतिक करून ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीचे, कुलूप वापरणाऱ्याच्या नकळत लागलेले असते. मदरबोर्ड बदलला किंवा डिस्क दुसरीकडे जोडली, की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते, आणि ती नसेल तर फाइल्स उघडत नाहीत. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून खाते उघडून ती आधीच लिहून ठेवावी.

येताना लॅपटॉपसोबत मूळ अडॅप्टर वायरसकट आणावा, आणि लॅपटॉप शेवटचा कधी चालला, त्या वेळी वीज गेली होती का, काही सांडले होते का, आधी कोणी तो उघडला होता का, हे आडपडदा न ठेवता सांगावे. चहा सांडल्याचे सांगायला ग्राहक संकोचतात, परंतु ते आधी कळले तर आम्ही वीज न देता प्रथम बोर्ड धुतो, आणि तेवढ्याने तो वाचू शकतो. वॉरंटी शिल्लक असल्यास आमच्याकडे येण्याआधी कंपनीच्या अधिकृत केंद्रात जावे.