गाजर झोपत नाही: परसातली गाजरं हिवाळाभर टिकवायची कशी

कॅनडातल्या ऑन्टारिओत परसात गाजरं लावणाऱ्यांची ऑक्टोबरच्या शेवटी एकच पंचाईत होते, सगळी गाजरं एकदम हातात येतात. हलवा किती करणार, कोशिंबीर किती खाणार, शेजारीपाजारी तरी किती घेणार, आणि फ्रीजच्या खालच्या ड्रॉवरमध्ये दहा-बारा किलो माल काही मावत नाही. पण नीट ठेवली तर हीच गाजरं मार्चपर्यंत कडक आणि गोड राहतात, त्याला ना वेगळं मशीन लागतं ना कुठलं केमिकल. फक्त गाजराच्या आत काय चाललंय ते समजून घ्यावं लागतं, कारण उपटलेलं गाजर जिवंत असतं आणि हिवाळाभर श्वास घेत असतं, त्यामुळे साठवण म्हणजे त्या मुळाचा श्वास आणि त्यातलं पाणी सांभाळणं, बाकी सगळं त्यातूनच येतं.

गाजराचं झाड मुळात दोन वर्षांचं. पहिल्या वर्षी पानं साखर बनवतात आणि ती मुळात भरून ठेवतात, मग हिवाळा जातो, आणि दुसऱ्या वर्षी त्याच साखरेच्या जोरावर उंच दांडा वर येतो, फुलं येतात, बी धरतं आणि झाड मरतं. आपण जे खातो तो पहिल्या वर्षाचा साठा. म्हणजे हिवाळा काढणं हे त्या मुळाचं मूळचंच काम आहे, आपण फक्त त्याला बरी जागा द्यायची.

पण इथे एक फरक लक्षात घ्या. कांदा आणि बटाटा काढणीनंतर खरोखर झोपतात, म्हणजे हवामान अनुकूल असलं तरी काही आठवडे, कधी काही महिने त्यांना कोंब येत नाही, याला सुप्तावस्था म्हणतात. गाजराला अशी खरी सुप्तावस्था नाहीच. ऊब आणि ओल मिळाली की ते लगेच वाढायला लागतं, डोक्यावर पोपटी पानं आणि अंगावर पांढरी बारीक मुळं. त्याला थांबवून धरते ती फक्त थंडी. म्हणून नाशिककडची कांदाचाळ डोळ्यापुढे ठेवून गाजरं साठवायला गेलात तर आठवड्यात वाट लागेल. उन्हाळी कांद्याला चाळीत खालून-वरून खेळती कोरडी हवा लागते, त्याच्या अंगावर वाळलेले पापुद्रे असतात आणि ते आतलं पाणी धरून ठेवतात. गाजराची साल म्हणजे पेशींचे काही मोजकेच थर, नखाने सहज खरवडता येते. त्याला कोरडी हवा म्हणजे शिक्षाच. गाजराला हवं गार आणि दमट, कांद्याच्या अगदी उलट.

आता आकडे बघू. गाजरासाठी आदर्श तापमान ० अंश सेल्सिअस आणि हवेतली आर्द्रता ९८ ते १०० टक्के. एवढं जमलं तर पूर्ण वाढलेली, पाला काढलेली गाजरं सात ते नऊ महिने टिकतात, व्यापारी कोल्ड स्टोरेजवाले हेच करतात. टोरांटोच्या उत्तरेला हॉलंड मार्श म्हणून काळ्याभोर दलदलीच्या मातीचा पट्टा आहे, तिथली गाजरं आणि कांदे ऑन्टारिओभर प्रसिद्ध, आणि आपण फेब्रुवारीत दुकानातून जी लोकल गाजरं आणतो ती शरदात काढून अशीच थंड गोदामात ठेवलेली असतात. घरी शून्य अंश धरून ठेवणं अवघड, पण २ ते ४ अंश मिळाले तरी चार-पाच महिने आरामात जातात.

० अंशच का, तर श्वासामुळे. २० अंशाला गाजराचा श्वासाचा वेग ० अंशाच्या मानाने साधारण चौपट-पाचपट असतो. श्वास म्हणजे साखर जळते, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी बाहेर पडतं आणि वर उष्णतापण निर्माण होते, त्यामुळे किचनच्या टोपलीत पडलेलं गाजर शब्दशः स्वतःलाच खात असतं आणि आसपासच्या गाजरांना गरम करत असतं. म्हणूनच काढणीचा मुहूर्त महत्त्वाचा. सप्टेंबरमध्ये गाजर तयार दिसलं की उपटायचा मोह होतो, पण तेव्हा ठेवायची जागाच १५ अंशांवर असते, मग कशाला घाई? जमिनीत राहू द्या. रात्री गार व्हायला लागल्या की वाढ मंदावते, पानं मात्र उन्हात साखर बनवत राहतात आणि ती मुळात साठते. नॉर्वेतल्या प्रयोगांत गार हवामानात वाढलेली गाजरं जास्त गोड निघाली आणि उबेत वाढलेल्यांत टर्पीन नावाची उग्र, थोडी कडवट चवीची द्रव्यं जास्त सापडली. तेव्हा दोन-तीन रात्री दव गोठून हलकं पांढरं हिम पडू द्यायचं आणि मगच गाजरं काढायची, चवीत फरक कळतो.

काढताना फावडं बाजूने घालून माती सैल करा, पाला धरून ओढाताण नको. पाला लगेच तोडायचा, हे फार जरुरीचं आहे, कारण पानांतून पाणी उडत राहतं आणि पानं ते मुळातूनच ओढून घेतात. पाल्यासकटची जुडी दिसायला छान, पण दोनेक आठवड्यांच्या वर चांगली राहत नाही. मानेजवळ अर्धा सेंटीमीटर देठ ठेवून पाला पिळून काढा किंवा कापा, गाजराचं डोकं मात्र कापू नका. धुवायचंही नाही. ओली माती घासून काढताना त्या पातळ सालीवर जे बारीक ओरखडे पडतात ते डोळ्याला दिसत नाहीत, पण बुरशीला तेवढं दार पुरतं. माती थोडी सुकू द्यायची आणि हाताने हलकेच झटकायची. ज्याला कुदळ लागली, जे तडकलं, ज्यात किड्याने बोगदा केलाय ते बाजूला काढायचं, ते या आठवड्याच्या भाजीत. फार बारीक गाजरंसुद्धा आधी संपवा, कारण वजनाच्या मानाने त्यांचं अंग जास्त उघडं असतं आणि ती सगळ्यात आधी सुकतात. गाजरात जवळजवळ ८८ टक्के पाणी असतं आणि वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास पाणी गेलं की ते लिबलिबीत होतं, वाकवलं तर वाकतं पण कट्ट करून मोडत नाही. फार झालं नसेल तर असं गाजर गार पाण्यात काही तास बुडवून ठेवलं की पेशी पाणी पिऊन परत ताठ होतात, पण ही सोय ताटात घ्यायच्या आधीची, साठवणीतली नव्हे.

मग वाळूची पेटी. जुनी पद्धत, पण तिच्यामागचं शास्त्र पक्कं आहे. हार्डवेअरच्या दुकानात मुलांच्या सँडबॉक्सची जी वाळू मिळते ती चालते. तिच्यावर थोडं पाणी शिंपडून कालवायची, मूठ दाबली की गोळा राहिला पाहिजे पण बोटांमधून थेंब नाही पडला पाहिजे. खोक्यात किंवा बादलीत दोन बोटं वाळू, त्यावर गाजरं आडवी, एकमेकांना न चिकटता, परत वाळू, परत गाजरं, असं वरपर्यंत. ओली वाळू गाजराभोवतीची हवा जवळजवळ पूर्ण दमट ठेवते म्हणून पाणी उडत नाही, पण दाण्यांमध्ये फटी असतात म्हणून श्वास कोंडत नाही, आणि तिसरं म्हणजे एक गाजर सडलं तरी शेजारच्याला स्पर्श नाही. हा तिसरा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण साठवणीतला मोठा शत्रू स्क्लेरोटिनिया नावाची बुरशी आहे, ती पांढऱ्या दाट धाग्यांनी वाढते, त्या धाग्यांत नंतर काळे टणक दाणे तयार होतात, आणि ती एका गाजरावरून दुसऱ्यावर स्पर्शानेच सरकत जाते. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च भरलेल्या ढिगात एक गाजर बिघडलं की सगळी पिशवी जाते ती अशी. वाळू जड वाटत असेल तर ओलसर लाकडाचा भुसा पण चालतो. महिन्यातून एकदा वरचा थर हाताने चाचपून बघा, वाळू कोरडी लागली तर पाण्याचा हलका हबका मारा.

ही पेटी ठेवायची कुठे? ऑन्टारिओतल्या बऱ्याच घरांना पुढच्या पायऱ्यांखाली, बेसमेंटला लागून काँक्रीटची एक छोटी खोली असते, कोल्ड रूम. इटालियन आणि पोर्तुगीज कुटुंबं तिथे वाइन आणि टोमॅटोच्या बरण्या ठेवतात, आपल्या मराठी घरांत तिथे तांदळाच्या गोणी, लोणच्याच्या बरण्या आणि गणपतीचं मखर सापडतं. गाजरांसाठी याहून चांगली जागा घरात नाही. तिच्या भिंतीत बाहेर उघडणारी भोकं असतात, ती बुजवू नका, रात्री थंड हवा तिथूनच आत येते. साधा थर्मामीटर लावून ठेवा, कारण जानेवारीच्या कडाक्यात बाहेरच्या भिंतीला टेकलेली पेटी गोठू शकते आणि गाजर साधारण उणे १.४ अंशाला गोठतं. गोठून वितळलेलं गाजर काचेसारखं अर्धपारदर्शक दिसतं, पाणी सोडतं आणि उभं चिरतं, ते परत नीट होत नाही. तेवढ्या दिवसांपुरती पेटी आतल्या भिंतीकडे सरकवायची.

आणि आता सफरचंदं. सप्टेंबर-ऑक्टोबरात इथे सगळे ॲपल पिकिंगला जातात, दोन-तीन पिशव्या घेऊन येतात आणि सरळ त्याच कोल्ड रूममध्ये ठेवतात. असं करू नका. सफरचंद इथिलीन वायू सोडतं, आणि हवेच्या दहा लाख भागांत अर्धा भाग इथिलीन असलं तरी दोन आठवड्यांत गाजराला कडवटपणा जाणवायला लागतो. याचं कारण फार सुंदर आहे. इथिलीन हा वनस्पतींमधला इशाऱ्याचा वायू, जखम झाली, रोग आला, फळ पिकलं की तो सुटतो. गाजराला तो मिळाला की ते आयसोकुमारिन नावाचं द्रव्य बनवायला लागतं, आणि हे द्रव्य म्हणजे गाजराचं बुरशीविरुद्धचं स्वतःचं हत्यार, नेमकं तेच आपल्या जिभेला कडू लागतं. म्हणजे कडू झालेलं गाजर सडलेलं नाही, ते हल्ला येतोय समजून तयारीत बसलंय. हे द्रव्य सालीकडे जास्त असतं म्हणून जाडसर सोललं तर बराच कडवटपणा जातो. पण मुळात सफरचंदं आणि नासपती गॅरेजमध्ये ठेवा, गाजरं कोल्ड रूममध्ये, प्रश्नच मिटला. फ्रीजमध्येही हेच, एका ड्रॉवरमध्ये दोन्ही नकोत.

काहीजण गाजरं काढतच नाहीत, जमिनीतच ठेवतात. ब्रिटनमध्ये तर शेतकरी मोठ्या प्रमाणावर हे करतात, शेतातल्या गाजरांवर गवताचा पेंढा जाड पसरतात आणि हिवाळाभर लागेल तसं काढत राहतात. ऑन्टारिओच्या परसात करायचं असेल तर आधी गाजरांच्या डोक्यांवर माती ओढून घ्यायची, कारण जमिनीबाहेर डोकावणारं डोकंच पहिल्यांदा गोठतं, आणि मग त्यावर फूट-दीड फूट मेपलची वाळकी पानं, ती उडू नयेत म्हणून वर जाळी किंवा जुनी चादर. वर बर्फ पडला की उलट बरंच, भुसभुशीत बर्फात हवा अडकलेली असते, ती गोधडीचं काम करते, बाहेर उणे १५ असलं तरी खालची माती शून्याच्या आसपासच राहते. त्रास होतो तो बर्फ न पडता कडाका पडला की, किंवा एकदा वितळून परत गोठलं की. आणि शेतउंदीर. त्यांना पानांखालची उबदार जागा पण मिळते आणि जेवण पण, तेव्हा सगळा माल जमिनीत ठेवू नका, अर्धा वाळूत घालाच.

जमिनीतलं गाजर एवढी थंडी सोसतं कसं याच्यावर इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी काम केलं आणि १९९८ साली गाजराच्या मुळातलं एक प्रोटीन जगापुढे आणलं. झाडाला थंडी लागली की हे प्रोटीन तयार होतं आणि बर्फाच्या कणाला जाऊन चिकटतं. पाणी गोठायचं ते थांबत नाही फारसं, पण बारीक कण एकत्र येऊन मोठे होत नाहीत, आणि पेशींचं खरं नुकसान मोठे कणच करतात. गंमत म्हणजे हे प्रोटीन रचनेने त्या प्रोटीनांच्या कुळातलं आहे जी वनस्पती बुरशीच्या एन्झाइमना अडवायला वापरतात. कीड-रोगाशी लढायचं जुनं साधन गाजराच्या कुळात थंडीशी लढायच्या कामाला लागलं.

बी कुठलं घ्यायचं हेही सांगते. साठवायला बोलेरो, डॅनव्हर्स, शांतने यातलं काहीतरी घ्या आणि जूनच्या शेवटी पेरा, म्हणजे ऑक्टोबरला गाजर भरलेलं पण कोवळं असतं. एप्रिल-मेमध्ये पेरलेलं तोपर्यंत राठ होतं, चिरतं. हलव्यासाठी भारतातून लाल गाजराचं बी आणून लावायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण ही आशियाई जात लवकर फुलावर येते, इथे वसंतात लावली तर बऱ्याचदा मूळ भरायच्या आधीच दांडा निघतो. युरोपियन नारिंगी जातींना फुलायला काही आठवडे चांगली थंडी लागते, म्हणून भारतात त्यांचं बी कुल्लू खोऱ्यासारख्या डोंगराळ भागात तयार करतात, लाल गाजराचं मैदानातही होतं.

याचाच अर्थ असा की कोल्ड रूममधल्या गाजराला मार्चपर्यंत फुलण्यापुरती थंडी मिळालेली असते. त्याच्या दृष्टीने हिवाळा झाला. म्हणून मार्चनंतर कोंब जोरात यायला लागतात, साखर वर जाते आणि मधला गाभा लाकडासारखा कडक होतो, जमिनीत ठेवलेली गाजरं तर माती सुटली की लगेच काढलेली बरी. उरलेली किसून, दोन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढून, गार करून फ्रीझरमध्ये टाका. उकळत्या पाण्यातून यासाठी की फ्रीझरमध्येसुद्धा एन्झाइम हळूहळू चव बिघडवत राहतात. एखाददुसरं गाजर मात्र एप्रिलमध्ये परत जमिनीत लावून बघा, माणसाच्या छातीएवढा दांडा येतो आणि पांढऱ्या फुलांच्या छत्र्या, मधमाश्या तुटून पडतात. फक्त त्याचं बी पुढच्या वर्षी पेरायला धरू नका, कारण ऑन्टारिओत रस्त्याच्या कडेला जुलै-ऑगस्टमध्ये जी पांढरी जाळीदार फुलं दिसतात ती रानगाजराची, दोघांची प्रजाती एकच, डॉकस कॅरोटा, मधमाश्या दोन्हीकडे फिरतात, आणि अशा बियांतून बरीच गाजरं पांढरी, बारीक आणि चिवट निघतात.