वर्गणी मागायला दार उघडं लागतं

गणपती जवळ आले की गिरगावातल्या आमच्या चाळीत पोरं पावतीपुस्तक घेऊन खोलीखोलीतून फिरायची. "काकू, गेल्या वर्षी १०१ दिलेत, यंदा २०१ करा ना!" काकू कुरकुरत द्यायच्या, कारण जिन्याखालच्या फळ्यावर नाव आणि रक्कम दोन्ही लागायचं. आज शेजारच्या टॉवरमध्ये अशाच पोरांना वॉचमन गेटवर थांबवतो. टॉवरमधली माणसं कोत्या मनाची आहेत असं मी म्हणणार नाही. त्यांच्या दारापर्यंत कुणी पोचतच नाही.

अर्थशास्त्रज्ञ जेम्स आंद्रिओनी आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. बोस्टनजवळच्या एका सुपरमार्केटच्या दारात नाताळच्या दिवसांत 'सॅल्व्हेशन आर्मी' या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेसाठी पैसे गोळा करणारे उभे होते. कधी ते नुसती घंटा वाजवत, कधी तोंडाने "आज द्या ना" म्हणत. तोंडाने मागितल्यावर देणारे साधारण दीडपट झाले. पण सुमारे एक तृतीयांश लोक तो दरवाजा टाळून दुसरीकडून गेले! (हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले.) समोरून मागितलं की नाही म्हणणं किती जड जातं, हे त्या लोकांना आधीच ठाऊक होतं.

म्हणूनच एखादा प्रदेश दानशूर आणि दुसरा चिक्कू ठरवताना जपून राहावं. मोजायचं काय, इथपासून प्रश्न आहे. अमेरिकेत उत्पन्नाच्या प्रमाणात दान पाहिलं तर युटा राज्य सर्वांत वर असतं, कारण तिथले मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे लोक उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देतात. धार्मिक दान वगळलं की ईशान्येकडची राज्यं वर सरकतात. आपल्याकडे आयकर खात्याला '८०जी'ची, म्हणजे देणगीवर करसवलत मिळवून देणारी पावती दिसते. सिद्धिविनायकाच्या दानपेटीतली नोट किंवा गावच्या जत्रेला धाडलेले पैसे दिसत नाहीत.

आणि फळ्यावरचं नाव? १८४५ साली माहीमचा कॉजवे लेडी अवाबाई जमशेटजींच्या पैशातून उभा राहिला. लेडी जमशेटजी रोड आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. रुग्णालयं, वाचनालयं, राजाबाई टॉवर, जुनी मुंबई अशा नावांनी भरलेली आहे. त्यात मला काही वावगं वाटत नाही. एकाचं नाव पाहून दुसरा शेट पुढे येत असेल, तर शहराचं भलंच झालं.

मला खरी काळजी वाटते ती कंपन्यांच्या पैशाची. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले, पण प्राधान्य कंपनीच्या आसपासच्या भागाला द्यायला सांगितलं. जिथे कारखाने आणि कचेऱ्या, तिथेच पैसा वळतो. नरिमन पॉइंटच्या कचेरीत दादरची संस्था लोकलने जाऊन येते. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीच्या आश्रमशाळेला मागायला यायचं तर आधी एसटीने नागपूर गाठायचं, मग रात्रभराची गाडी.