सोळाव्या वर्षी किती कळतं?

सात वर्षांखालच्या मुलाने काहीही केलं तरी आपल्याकडे तो गुन्हा ठरत नाही. सात ते बारा या वयात मात्र आपण काय करतोय हे त्याला उमगत होतं का, ते पाहिलं जातं. 1860च्या दंड संहितेतला हा नियम आजच्या न्याय संहितेतही कायम आहे. वरची रेषा मात्र सारखी हलली. 1986च्या बाल न्याय कायद्यात मुलगा सोळापर्यंत अल्पवयीन होता, मुलगी अठरापर्यंत. 2000 साली दोघांनाही अठरा झाली. 2015च्या कायद्याने सोळा ते अठरामधल्या मुलावर, गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा असेल तर, प्रौढांसारखा खटला चालवायला वाट करून दिली.

आता वयाचाच वाद असेल तर? आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर जन्मदाखला, तोही नसेल तर वैद्यकीय तपासणी. मनगटाच्या एक्स-रेत वाढत्या हाडाच्या टोकाशी काळसर फट दिसते. ती फट म्हणजे कूर्चा. हाड तिथूनच लांबतं. वाढ संपत आली की कूर्चेचं हाड होतं आणि फट बुजते. कधी बुजेल, हे मुलगा की मुलगी, खाणंपिणं कसं, यावर ठरतं. सर्वोच्च न्यायालयाने 1982 सालीच या तपासणीत दोन्ही बाजूंना दोन वर्षांचा फरक पडू शकतो, असं म्हटलं होतं. साडेसतरा वर्षांच्या मुलासाठी या दोन वर्षांत सगळंच आलं.

मेंदूचं प्रकरण आणखी अवघड. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या मते शांतपणे, वेळ घेऊन विचार करण्यात सोळा वर्षांची मुलं मोठ्यांच्या जवळपास पोचलेली असतात. गडबडते ती आवर घालण्याची ताकद; ती विशीतही पक्की होत राहते. मार्गो गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी 2005 साली गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळात हे तपासलं. एकटी असताना किशोरवयीन मुलं बेताने खेळली. मित्र बघत असताना त्यांनी बराच जास्त धोका पत्करला. मोठ्यांच्या खेळात मित्रांमुळे फारसा फरक पडला नाही.

त्या हिशेबाने मतदान आधी आणि दारू नंतर, हा क्रम तसा बरोबरच म्हणायचा. महाराष्ट्रात मत अठराला, बिअर एकविसाला आणि व्हिस्की पंचविसाला. अर्थात हा क्रम लावताना मेंदूचा विचार कुणी केला असेल, असं मला वाटत नाही.

माझी अडचण बाल न्याय मंडळापुढच्या प्राथमिक मूल्यांकनाशी आहे. सोळा ते अठरामधल्या मुलावर प्रौढांसारखा खटला चालवायचा का, ते या मूल्यांकनावरून ठरतं. मुलाला परिणामांची समज होती का, हे तिथे तीन महिन्यांच्या आत ठरवायचं असतं. मंडळात बाल मानसशास्त्राचा जाणकार नसेल तर बाहेरच्या तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली बजावलं. ते योग्यच. पण तज्ज्ञासमोर मुलगा बसतो तो एकटा, खुर्चीत, प्रत्येक प्रश्नाला सावकाश उत्तर देत. इथे त्याची मोठ्यांइतकी तयार झालेली समजच मोजली जाते. चार मित्र चिथावत असताना रात्री त्याचा हात आवरला असता का, हे सांगणारी चाचणी मानसशास्त्राकडे नाही.