रोलचा कॅमेरा की डिजिटल: चूक कधी कळलेली चालेल?

रोलच्या कॅमेऱ्यातला फोटो मोजणारा काउंटर ३६ वर आला, म्हणजे रोल संपायला हवा, तरी फिल्म पुढे ओढायचा लिव्हर थांबेना. ३७, ३८, ३९. रोलमधून एखाददुसरा फोटो जास्तीचा निघतो हे माहीत होतं, त्यामुळे आधी आनंदच झाला. चाळिसाव्याला मात्र पोटात गोळा आला. अंधार करून मागचं दार उघडलं, आत बोट फिरवलं, तर फिल्म आपल्या डबीत निवांत बसलेली. तिचं टोक पलीकडच्या रिळात अडकलंच नव्हतं. दोन दिवस मी नुसता शटरचा आवाज काढत हिंडत होतो.

डिजिटल कॅमेऱ्यात हा प्रकार पहिल्या क्लिकलाच उघडकीला आला असता. कार्ड नसेल तर स्क्रीनवर तसं लिहून येतं, आणि तेही नजरेतून सुटलं तरी काढलेला फोटो बघायला गेल्यावर कळतंच. म्हणून "डिजिटल घेऊ की रोलचा?" असं कोणी विचारलं की मी रंग, शार्पनेस, मेगापिक्सेल यांत शिरत नाही. उलट विचारतो: चूक झाली तर ती कधी कळलेली चालेल? लगेच, की रोल लॅबमधून धुऊन आल्यावर, आठवड्याने? या दोन कॅमेऱ्यांमधले बहुतेक फरक फिरून फिरून इथेच येऊन पोचतात.

गोंधळ होणं साहजिक आहे, कारण बाहेरून दोघं सख्खी भावंडं. लेन्स तशीच, अ‍ॅपर्चर तेच, शटर तेच: अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, शटर म्हणजे ठरावीक वेळच उघडणारा पडदा. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर ३६ बाय २४ मिलिमीटरची चौकट रुळवली. डिजिटलमध्ये फिल्मच्या जागी उजेड टिपणारी चिप म्हणजे सेन्सर, आणि आज ज्याला 'फुल फ्रेम' सेन्सर म्हणतात त्याचं मापही तेच. निकॉनचा एफ माउंट (लेन्स बॉडीला जोडायची खाच) १९५९ चा, पण त्याच्या कितीतरी जुन्या लेन्स अडॅप्टर लावून आजच्या बॉडीवर चालतात. दोन कॅमेरे शेजारी ठेवले तर ओळखायची खूण पाठीमागे असते: उघडणारं दार दिसलं की रोलचा, स्क्रीन दिसली की डिजिटल. चंदेरी पट्टी आणि चामड्यासारखं आवरण बघून फसू नका, तसा जुना मुखवटा घातलेले डिजिटल कॅमेरे पुष्कळ आहेत. आणि रोलचा म्हणजे जुनाच असंही नाही. पेंटॅक्सने २०२४ मध्ये अगदी नवा रोलचा कॅमेरा काढला. त्यात एका चौकटीच्या जागेत दोन फोटो बसतात, म्हणजे ३६ च्या रोलवर ७२.

झटपट प्रिंट देणारे कॅमेरे हा तिसराच प्रकार. त्यातले बरेचसे खरे फिल्मचे, पण काहींच्या पोटात सेन्सर असतो आणि फक्त प्रिंट फिल्मवर उमटते. घेण्याआधी एवढं तपासा आणि पुढे चला.

आता आतला फरक. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक पसरलेले असतात. उजेड पडला की त्यांच्यात डोळ्यांना न दिसणारा बदल होतो, आणि तो दिसायला रसायन लागतं. रंगीत फिल्ममध्ये निळा, हिरवा आणि लाल उजेड टिपणारे थर एकावर एक असतात. सेन्सर स्वतः रंगांधळा. त्याच्यावर रंगीत फिल्टरांची जाळी बसवलेली असते, अर्धी घरं हिरवी, पाव लाल, पाव निळी. प्रत्येक घर एकच रंग मोजतं आणि उरलेले दोन कॅमेरा शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून अंदाजाने भरून काढतो. ही जाळी ब्राइस बायर याची, १९७६ चं पेटंट, आणि तो नोकरीला होता कोडॅकमध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७५ साली, कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसनने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला होता: शंभर बाय शंभर ठिपक्यांचा कृष्णधवल फोटो, आणि तो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. फिल्म विकून जगणाऱ्या घरातच सवत जन्माला आली.

आता उजेडाकडे येतो, कारण माझ्या मते खरा फरक इथे आहे आणि दुकानात तो कोणी सांगत नाही.

खिडकीशी बसलेला माणूस घ्या. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा सावलीत, मागे पांढुरकं आकाश. सेन्सरचं प्रत्येक घर म्हणजे पावसात ठेवलेली वाटी. भरेपर्यंत ती इमानाने मोजते, भरली की वरचं सगळं वाहून जातं. आकाशाच्या वाट्या भरल्या की तिथे कोरं पांढरं उरतं. मग कुठल्याही सॉफ्टवेअरने कितीही ओढा, तिथे ढग येणार नाही. सावलीतल्या वाट्यांत मात्र तळाशी थोडं का होईना पाणी असतं, आणि रॉ फाइल (सेन्सरने मोजलेलं सगळं जसंच्या तसं ठेवणारी) असेल तर ती सावली घरी बसून बरीच उजळता येते.

निगेटिव्हचं, म्हणजे रंग आणि उजेड उलटे उमटवणाऱ्या नेहमीच्या फिल्मचं, गणित नेमकं उलटं. उजेड वाढत गेला की बदलायचे स्फटिक कमी कमी उरतात, त्यामुळे प्रत्येक वाढीव उजेडाचा परिणाम आधीपेक्षा थोडा कमी. आकाश एकदम जळत नाही, हळूहळू मवाळ होत जातं. दोन स्टॉप ओव्हर गेलेलं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, दोन म्हणजे चौपट) रंगीत निगेटिव्ह बहुधा छान प्रिंट देतं. पण सावलीत पुरेसा उजेड पोचलाच नाही, तर फिल्मवर तिथे काहीच नाही. जे नाही ते उजळणार कसं? मग प्रिंटमध्ये काळ्याच्या जागी चिखलासारखा करडा रंग आणि खरखर.

म्हणजे डिजिटलवर उजेड सांभाळायचा आणि निगेटिव्हवर सावली. डिजिटलवरून रोलकडे येणारे लोक हमखास इथेच आपटतात. आकाश जळेल या जुन्या भीतीने एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, कमी ठेवतात आणि सगळा रोल अंडर, म्हणजे उजेड कमी पडलेला, येतो. मी स्वतः ४०० आयएसओचा (हा आकडा फिल्मची उजेडाची संवेदनशीलता सांगतो) रंगीत रोल घातला की उजेड मोजणारा मीटर २०० वर ठेवतो, म्हणजे आपोआप एक स्टॉप जास्त मिळतो. स्लाइड फिल्म, म्हणजे जिच्यावर थेट सरळ रंगांचं चित्र उमटतं ती, मात्र या नियमाला अपवाद. तिची सहनशक्ती फार कमी, अर्धा स्टॉप इकडेतिकडे झाला तरी रुसते, आणि जळण्याच्या बाबतीत ती सेन्सरसारखीच वागते. पहिलाच रोल स्लाइडचा घालू नका.

आयएसओचं थोडक्यात. डिजिटलवर तो प्रत्येक फोटोला बदलता येतो. रोलवर एकदा घातला की ३६ फोटो त्याच्याशीच संसार. उन्हात ४०० चा रोल भरला आणि संध्याकाळी घरात शिरलात, तर बहुधा फ्लॅश किंवा स्टँड लागतोच. रात्री शटर सेकंदाच्या पुढे उघडं ठेवायचं असेल तर फिल्म आळसावते, तिची संवेदनशीलता घटते, त्यामुळे मीटर सांगेल त्याहून जास्त वेळ द्यावा लागतो. सेन्सरला हे दुखणं नाही. ताऱ्यांचे, रात्रीचे फोटो हा तुमचा छंद असेल तर डिजिटल घ्या.

"पण फिल्मचा तो रंग!" असं म्हणणाऱ्यांसाठी एक खवचट प्रश्न: तो रंग तुम्ही कुठे पाहिलात? बहुतेकांनी फोनच्या स्क्रीनवर. म्हणजे निगेटिव्ह आधी स्कॅन झालं, स्कॅनरच्या सेन्सरने ते टिपलं, सॉफ्टवेअरने त्याची नारिंगी झाक काढून रंग उलटे केले आणि चालवणाऱ्याने आपल्या डोळ्याला बरं दिसेल तसं उबदार किंवा थंड केलं. तोच रोल दोन लॅबमधून स्कॅन करून घ्या, दोन वेगळी माणसं वाटतील. फिल्मला स्वभाव नसतो असं मी म्हणत नाही. दाण्यांचा पोत आणि उजेडाकडची ती मवाळ उतरण खरीच तिची आहे. पण ज्याला लोक 'फिल्म लुक' म्हणतात त्यात स्कॅनरचा वाटा बराच मोठा असतो. यातून दोन व्यवहाराच्या गोष्टी निघतात. लॅबचा सर्वांत साधा स्कॅन अनेकदा दोनेक मेगापिक्सेलचाच असतो, मोठी प्रिंट हवी असेल तर मोठा स्कॅन आधीच मागा. आणि निगेटिव्ह परत घ्यायला विसरू नका. मूळ वस्तू तीच आहे, पण स्कॅन मेलवर आले की लोक ती लॅबमध्येच सोडून देतात.

खर्चाचं भांडण खरं तर भांडण नाहीच. डिजिटलमध्ये पैसे सुरुवातीला जातात आणि नंतरचा क्लिक जवळजवळ फुकट. रोलमध्ये कॅमेरा कमी पैशांत मिळू शकतो, पण प्रत्येक क्लिकमागे फिल्म, धुलाई, स्कॅन लागलेलंच. हिशेब सोपा आहे: वर्षाला हजार फोटो काढायचे तर ३६ चे २८ रोल. त्याला एका रोलच्या आणि धुण्याच्या खर्चाने गुणा, आकडा बघा, मग ठरवा. लोक म्हणतात की खर्चामुळे माणूस विचार करून क्लिक करतो. खरं आहे, पण अर्धंच. नवशिक्याला विचार करण्याआधी पुष्कळ चुका करून बघाव्या लागतात, आणि आठवड्याने परत आलेली चूक कशामुळे झाली होती हे तोवर आठवतही नाही. त्या वेळी अ‍ॅपर्चर किती होतं, शटर किती? डिजिटलच्या फाइलमध्ये ते लिहिलेलं असतं. रोलवाल्याने वही ठेवावी. मी ठेवतो आणि दर वेळी बाराव्या फोटोनंतर लिहायचं राहून जातं.

जुना कॅमेरा हाती आलाच तर घाई न करता तपासा. मागचं दार उघडून कडेच्या काळ्या फोमला बोट लावा. बोटाला डांबरासारखं चिकट काळं लागलं तर फोम मेलाय, त्यातून उजेड शिरतो आणि फोटोवर लालसर पट्टे येतात. बदलणं फारसं अवघड नसतं. मग दार उघडंच ठेवून शटर एका सेकंदावर लावा आणि दाबा. 'एक हजार एक' एवढं म्हणून होईतो पडदा मिटायला हवा. रेंगाळत असेल तर आतलं वंगण घट्ट झालंय. लेन्समधून टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, आणि ती काचेवर कायमचा डाग सोडू शकते. सत्तरीच्या दशकातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचे मीटर पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलवर चालायचे. ते सेल आता बंद झाले. त्याजागी १.५ व्होल्टचा घातला की पुष्कळ मीटर आहे त्यापेक्षा जास्त उजेड दाखवतात, म्हणजे फोटो अंडर, म्हणजे निगेटिव्हला जे खपत नाही तेच. डिजिटल जुना घेतलात तर तपासणी वेगळी: सेन्सरवरचे डाग, शटर किती वेळा पडलंय तो आकडा, आणि त्या मॉडेलची बॅटरी अजून मिळते का.

विमानाने जाणार असाल तर रोल हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या सामानात कधीच नको. तिथली क्ष-किरणं फिल्म खराब करतात. हातातलं सामान तपासणारी नवी सीटी यंत्रंही फिल्मला घातक आहेत, त्यामुळे रोल हाताने तपासायची विनंती करा. मेमरी कार्डाला यातलं काही होत नाही.

साठवणीच्या वादात मी कुंपणावर बसलोय. १८९७ साली सालोमन आंद्रे आणि त्याचे दोन सोबती हायड्रोजनच्या फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाले आणि बर्फात संपले. १९३० मध्ये त्यांचा तळ सापडला. ३३ वर्षं गारठ्यात, ओलीत पडलेली ती फिल्म धुतल्यावर २४० पैकी ९३ फोटो हाती लागले. कार्डाकडून मी तशी अपेक्षा करणार नाही. पण निगेटिव्ह एकच असतं. ते जळालं, भिजलं की संपलं, आणि रंगीत फिल्मचे रंग काळाने उडतात ते वेगळंच. फाइलच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवता येतात, तिन्ही हुबेहूब मूळच. फक्त त्या ठेवाव्या लागतात.

तर कोणता? फोटो काढायला शिकायचंय, मुलं पळतायत, पक्षी उडतायत, कुणाच्या लग्नाची जबाबदारी अंगावर आहे: डिजिटल, डोळे झाकून. जे पुन्हा घडणार नाही ते पहिल्यांदाच रोलवर टिपायला जाऊ नये. एक्स्पोजर हाताला बसलंय, घाई नाही आणि स्क्रीनकडे सारखं बघायच्या सवयीचा स्वतःलाच वैताग आलाय: रोल घ्या, मजा येईल. दोन्ही ठेवणारेही पुष्कळ आहेत. मी त्यांतलाच. जुनी लेन्स डिजिटलवर लावून आधी उजेडाचा अंदाज घेतो, मग रोलवर एकच फोटो.

रोलकडे वळलातच, तर फिल्म भरल्यावर दार लावा आणि डावीकडची गुंडाळायची कळ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवा, ताण लागेपर्यंतच. मग लिव्हर ओढताना त्या कळीवर नजर ठेवा. ती आपोआप उलटी फिरली तर फिल्म पुढे सरकतेय. फिरली नाही तर तिथेच थांबा, दार उघडा, टोक पुन्हा नीट अडकवा. गेले तर सुरुवातीचे दोन-तीन फोटो जातील. रोलच्या कॅमेऱ्यात लगेच कळणाऱ्या चुका फार थोड्या, त्यातली ही एक. ती मला त्या चाळिसाव्या क्लिकला कळली.