एकाच पावतीवरच्या दोन पट्ट्या

मार्चअखेरीला आमच्या ग्रामपंचायतीत वसुलीची झुंबड उडते. यंदा शेजारचे आबा पावती हातात घेऊन ग्रामसेवकावर घसरले. "नळाला आठ-आठ दिस पाणी न्हाई, अन् पट्टी बाराई म्हयन्याची?" ग्रामसेवक मान वर न करता म्हणाला, "आबा, कर हाय तो. भरावाच लागतो." दोघांचंही अर्धंच बरोबर होतं, आणि उरलेलं अर्धं त्याच पावतीवर छापलेलं होतं.

पावतीवरचे रकाने वाचा: घर कर, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, सामान्य पाणीपट्टी, विशेष पाणीपट्टी. शेवटचे दोन एकाच आईची लेकरं वाटतात, पण तसं नाही. सामान्य पाणीपट्टी तुमच्या घरात नळ असो-नसो, लागतेच. विशेष पाणीपट्टी ज्यानं नळजोडणी घेतली त्यालाच. पहिला सरळ कर. दुसरी स्वभावानं फी. आपण दोन्हींना पट्टीच म्हणतो. तसं तर मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, आडत्या (मधला दलाल) जो हिशोबाचा कागद देतो, तीही पट्टीच.

कर म्हणजे सगळ्यांच्या खर्चासाठी सरकारनं सक्तीनं घेतलेला पैसा. त्याच्या बदल्यात तुम्हाला अमुक मिळेल असा वायदा त्यात नसतो. माझ्या घर करातून दुसऱ्या गल्लीतला दिवा लागला तर मला तक्रार करता येत नाही. फी मात्र सेवेच्या मागे चालते. १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हा फरक स्पष्ट केला. पुढच्या निकालांनी एवढं सैल केलं की रुपयाला रुपया असा काटेकोर मेळ लागत नाही, पण फी आणि सेवा यांचं नातं दिसलं पाहिजे.

मोंढ्याचंच घ्या. लातूरला सोयाबीन विकलं की बाजार समितीची बाजार फी लागते. कायद्यानं ती खरेदीदारानं द्यायची. बोलताना सगळे तिला 'सेस', म्हणजे उपकर, म्हणतात. नाव सेस, जात फीची. म्हणून तो पैसा बाजारावरच खर्च व्हायला हवा: ओटे, शेड, वजनकाटे, पाणी. १९७९ मध्ये पंजाब-हरियाणातल्या बाजार फीचा वाद (केवल कृष्ण पुरी खटला) सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयानं हेच बजावलं की ही फी गावोगावच्या सर्वसाधारण विकासाला वापरायची नाही. माल पावसात भिजत असताना समितीच्या कार्यालयाला नवी फरशी बसत असेल तर शेतकऱ्यानं विचारायचा प्रश्न हाच आहे.

आता उलटं उदाहरण. पगारदारांच्या कपातीत दर महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर असतो, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००, कारण घटनेच्या कलम २७६ नं तेवढीच कमाल मर्यादा घातली आहे. महाराष्ट्रात हा कर १९७५ साली आला, बहात्तरच्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीच्या खर्चासाठी. खर्चाचं कारण ठरलेलं, तरी ही फी नव्हे. नांदेडच्या शिक्षकाला त्यातून काही परत मिळत नाही, मिळते ती बांधबंदिस्तीवर राबणाऱ्या कुणाला तरी मजुरी. मला विचाराल तर हा प्रामाणिक कर होता. कशासाठी, कुणाकडून, किती, सगळं उघड. कमी खर्चाच्या सरकारची बाजू घेणाऱ्या माझ्यासारख्या माणसालाही त्यावर राग धरता येत नाही.

राग येतो तो उपकरावर. उपकर हा करच, अंगावर फीचा सदरा घातलेला. तुमच्या प्राप्तिकरावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर लागतो. नाव ऐकून वाटतं, आपला पैसा थेट दवाखान्यात आणि शाळेत चालला. पण ठरलेल्या निधीत उपकराची रक्कम वळतीच केली नाही, असे आक्षेप कॅगनं, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, केंद्र सरकारवर घेतलेले आहेत. शिवाय केंद्राच्या करातला ठरलेला वाटा राज्यांना मिळतो, उपकर आणि अधिभार (करावर चढवलेला जादा कर) मात्र कलम २७० नुसार त्या वाटणीबाहेर. म्हणजे दिल्लीनं कर वाढवला तर मुंबईच्या वाट्याला काहीतरी येतं, उपकर वाढवला तर काही नाही.

मुंबईनंही हात आखडता घेतला नाही म्हणा. २०१५ च्या दुष्काळाच्या नावानं राज्यानं पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये वाढवले. पुढच्या पावसाळ्यात आमच्या मराठवाड्यातलं मांजरा धरण भरलं, पण म्हणून पंपावरचे ते २ रुपये लगेच उतरले नाहीत.

सरकार आटोपशीर असावं याचा अर्थ कर नसावेत असा काही जण लावतात. ते मला पटत नाही. दिवाबत्ती फुकट लागत नाही. कलम २६५ म्हणतं, कायद्याच्या अधिकाराविना कर बसवता येत नाही. म्हणजे निवडून दिलेल्यांपुढे विषय यावा, कुणीतरी उठून 'कशाला?' म्हणावं. फीला दुसरा लगाम असतो: सेवा नको तर जोडणी तोडा. उपकरात दोन्ही लगाम ढिले पडतात. मंजुरी मिळते ती कारणाच्या नावावर, आणि नंतर ते कारण उरलं का हे कुणी बघत नाही.

आबांना मी हे सगळं सांगितलं नाही, फक्त दोन रकाने बोटानं दाखवले. घर कर, दिवाबत्ती, आरोग्य आणि सामान्य पाणीपट्टी त्यांनी लगोलग भरली. विशेष पाणीपट्टीला त्यांनी एक अर्ज जोडला. सोबत भिंतीवरच्या कॅलेंडरची बारा पानं. नळ आला त्या तारखांना काकूंनी लाल पेनानं गोल केलेले. अर्जावर आवक क्रमांक पडला आहे. ग्रामसेवकानं गोल मोजायला घेतले, मे महिन्याच्या पानावर त्याला फार वेळ लागला नाही.