छळ, जाच, सतावणूक: शब्दांमागची गोष्ट

गोव्यातला मराठी पेपर पहिल्यांदा वाचणारा पुण्या-मुंबईचा पाहुणा एका शब्दावर हमखास अडखळतो, तो म्हणजे सतावणूक. पोलिसांकडून सतावणूक, कामगारांची सतावणूक, लैंगिक सतावणूक. आमच्याकडे पेडण्याला आलेली मावशी तर हसलीच, म्हणाली अगं पोरं सतावतात तसं वाटतंय हे, सरळ छळ म्हणा ना. आणि मग नेहमीचं, की तुमचं मराठी कोंकणीनं बिघडवलंय वगैरे. त्या दिवशी भांडण नको म्हणून गप्प बसले, पण डोक्यात राहिलं ते राहिलंच.

सतावणे कोंकणीतही आहे, सतावप म्हणतात, पण म्हणून ते मराठी नाही असं कोण म्हणालं? संस्कृतात संताप म्हणजे तापणं, होरपळणं. त्यातून प्राकृतात संताव, तिथून हिंदीचं सताना आणि आपलं सतावणे. म्हणजे मुळात शब्द भाजून काढण्याचाच, पोरांच्या मस्तीपर्यंत तो नंतर घसरला. त्याला णूक लावलं की फसवणूक, पिळवणूक, अडवणूक यांच्याच रांगेत बसतो, यात परकं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

उलट मावशीचा तो "सरळ" छळ बघा, त्याच्याइतका वाकडा शब्द नसेल. संस्कृतात छल म्हणजे कपट, फसवणूक. गीतेच्या दहाव्या अध्यायात श्रीकृष्ण म्हणतो की छळणाऱ्यांमध्ये मी द्यूत, तिथे छळणारे म्हणजे कपट करणारे. न्यायशास्त्रात तर छल ही वादातली एक लबाडी म्हणून नोंदलेली आहे, तिचे तीन प्रकारही सांगितलेत, आणि त्यातलं एक उदाहरण भारी आहे: कुणी म्हणतो हा माणूस नवकंबलवाला आहे, म्हणजे नवी घोंगडी पांघरलेला, तर समोरचा म्हणतो नऊ कुठायत, मला एकच दिसतेय! हिंदीत छल अजून तिथेच आहे, छल-कपट. मराठीत मात्र कपट जवळजवळ गळून पडलं आणि यातना तेवढी उरली.

हे कसं झालं असेल? माझा आपला अंदाज असा की वाट पुराणकथांमधून गेली. आमच्याकडे जत्रेला दशावतारी नाटकात हरिश्चंद्र बघितलेला माणूस हे लगेच ओळखेल. विश्वामित्र हरिश्चंद्राला छळतो म्हणजे नक्की काय करतो? त्याला शब्दात अडकवतो, राज्य घेतो, वर दक्षिणेसाठी बायको-पोर विकायला लावतो. चांगुणेच्या दारात महादेव अतिथी बनून येतो आणि तिच्या पोराचंच मांस मागतो, तीच गत. वेष आणि वेदना एकाच कथेत, सोंग संपलं तरी सोसणं लक्षात राहणार. पुढे हाच शब्द इतका जड झाला की नाझींच्या कॅम्पना मराठीत छळछावणी म्हणायला लागलो, तिथे कपट कुणाच्या मनातही येत नाही.

गोव्यात या शब्दाला आणखी एक सावली आहे, धर्मछळ. इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, इथे 1560 मध्ये आलं आणि मधली 1774 ते 1778 ही वर्षं सोडली तर 1812 पर्यंत टिकलं. सगळ्यात जास्त भरडले गेले ते बाटलेलेच, म्हणजे धर्म बदलूनही जुने रिवाज पाळतात असा संशय ज्यांच्यावर होता ते. 1736 च्या फर्मानात लग्नातल्या ओव्या, विडा-सुपारी, दारातली तुळस असल्या गोष्टींवर बंदी होती, म्हणजे थेट घरात हात. देवसुद्धा नदीपलीकडे न्यावे लागले, मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. आणि जुन्या गोव्यातल्या ज्या वाड्यात हे न्यायालय भरायचं, तो आधी आदिलशहाचा, त्याला लोक काय म्हणत? व्हडलें घर. मोठं घर, बस. छळ नाही, जुलूम नाही, काही नाही. ज्याचं नाव घेण्याचीच भीती त्याला माणसं असंच काहीतरी साधं म्हणत असावीत.

जुलूम अरबीतून आला, फारसी दरबाराच्या वाटेनं, आणि असा मुरला की जुलमाचा रामराम म्हणताना कुणाला तो परका वाटत नाही. त्याला सत्तेचा वास आहे. शेजारी जुलूम करत नाही, सरकार करतं. म्हणून 18 जूनच्या भाषणात, 1946 ला लोहियांनी मडगावात सभा घेतली त्याची आठवण काढताना, पोर्तुगीजांची राजवट नेहमी जुलमीच असते, छळवादी क्वचित. जाच मात्र चार भिंतींच्या आतला, सासूचा, नणंदेचा, जाचहाट म्हटलं की ओटीवर बसून कुणीतरी हळू आवाजात सांगतंय असंच वाटतं.

अत्याचाराची तर गंमतच. अति आणि आचार मिळून झालेला शब्द, म्हणजे मर्यादा सोडून वागणं. गांधींच्या असहकाराला तेव्हा मराठीत अनत्याचारी असहकार म्हणत, म्हणजे अहिंसक. आज मथळ्यात नुसतं "अत्याचार" दिसलं की वाचणारा बलात्कारच समजतो. शब्द आता मोकळा राहिलेलाच नाही.

कायद्यानं आणखी गोंधळ घातला. 1983 ला दंडसंहितेत सासरी बाईला होणाऱ्या त्रासाबद्दलचं कलम 498अ आलं (आता 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेचं कलम 85), कायद्यात शब्द क्रूरतेचा, बातमीत मात्र सासरचा छळ. दिवाणी कायदा आमच्याकडे पोर्तुगीज वळणाचा राहिला तरी हे कलम इथेही तेच. 2013 चा कामाच्या जागेवरचा कायदा महाराष्ट्रात लैंगिक छळाचा, इथल्या पेपरांत सतावणुकीचा.

गेल्या वर्षी एक मैत्रीण ऑफिसातल्या साहेबाविरुद्ध तक्रार लिहायला माझ्याकडे बसली होती. त्रास लिहिलं तर ते म्हणतील सगळ्यांनाच होतो. छळ लिहिलं तर म्हणे मारलं का तुला, जखम दाखव. रोज थोडं थोडं, हसत हसत, कुणाला दिसणार नाही असं चाललेलं, त्याला काय म्हणायचं? दोन कागद फाडून झाले. तिसऱ्यावर तिनं सतावणूक लिहिलं, स्वतःशीच एकदा मोठ्यानं वाचलं आणि सही केली.